ऑलिव्ह तेल : लहान उत्पादकांचा इतिहास

ऑलिव्ह तेल : ऑलिव्ह (ओलिया यूरोपिया, कुल–ओलिएसी) या सदापर्णी वृक्षाच्या फळांपासून काढलेले खाद्यतेल. हिंदी-उर्दूत आणि क्वचित मराठीतही या फळाला ‘जैतून’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून तो फार्सीमार्गे भारतीय भाषांत आला. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात हे तेल किमान सहा हजार वर्षांपासून अन्न, दिवाबत्ती, अंगमर्दन, औषध, साबण व धार्मिक विधी यांसाठी वापरात आहे. या दीर्घ इतिहासात राजे, मंदिरे, मठ आणि जमीनदार यांच्या मोठ्या बागांची माहिती अधिक प्रमाणात उपलब्ध असली, तरी मोजकीच झाडे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा राहिला आहे. प्रस्तुत नोंदीत अशा लहान उत्पादकांची लागवड, काढणी व गाळप यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

वृक्ष व फळ : ऑलिव्ह वृक्ष साधारणपणे ५ ते १२ मी. उंच वाढतो. पाने भाल्यासारखी, वरून करड्या हिरव्या रंगाची व खालून रुपेरी असतात. फुले लहान, पांढरट असून परागण मुख्यतः वाऱ्याने होते. फळ आठळीयुक्त, प्रथम हिरवे व पिकल्यावर जांभळट काळे होते. त्यात एक अतिशय कडू द्रव्य असल्यामुळे ते झाडावरून काढून तसेच खाता येत नाही. खाण्यासाठी ते मिठाच्या पाण्यात मुरवावे लागते. तेलाचे प्रमाण प्रकार व पक्वता यांनुसार साधारण १५ ते २५ टक्के असते, आणि त्यातील बहुतेक तेल बियांत नसून फळाच्या गरात असते. सर्वसाधारणपणे सुमारे ५ किग्रॅ. फळांपासून १ लि. तेल मिळते. उन्हाळा कोरडा व हिवाळा सौम्य पण थंड असलेले हवामान या वृक्षाला मानवते. फुलोरा येण्यासाठी हिवाळी थंडी लागते. मात्र तापमान शून्याखाली १० अंश से.च्या सुमारास गेल्यास झाड करपते.

झाडाचे दोन गुण उत्पादकाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. पहिला म्हणजे त्याची संथ वाढ. छाट कलमापासून वा बुंध्यावरील गाठीपासून वाढविलेल्या झाडाला पारंपरिक कोरडवाहू पद्धतीत पाच ते आठ वर्षांनी फळे येऊ लागतात आणि भरघोस उत्पन्नासाठी पंधरा-वीस वर्षे वाट पहावी लागते. पुढे मात्र ते शेकडो वर्षे फळते. त्यातही एक वर्षाआड बहर कमी येतो. म्हणून जमिनीवरील हक्काची दीर्घकाळ शाश्वती असल्याखेरीज लहान शेतकरी हे झाड लावत नाही. दुसरा गुण म्हणजे फळाची नाशवंतता. तीळ, करडई, जवस किंवा भुईमूग यांचे कोरडे बी पोत्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवता येते आणि सवडीने तेल्याच्या घाण्यावर नेता येते. ऑलिव्हच्या रसाळ फळाला ही सोय नाही. काढलेली फळे ढीग करून ठेवली की ती चेचतात, तापतात व आंबू लागतात. त्यांतील एंझाइमांमुळे तेलाचे विघटन होऊन मुक्त वसाम्ले वाढतात आणि तेलाला उग्र वास येतो. उत्तम तेलासाठी फळे एक-दोन दिवसांतच गाळावी लागतात. साहजिकच झाड ज्याचे त्याच्याइतकाच, किंबहुना काही काळी त्याहून अधिक प्रभाव घाणा ज्याचा त्याला लाभला. जमिनीची शाश्वती आणि घाण्याची उपलब्धता या दोन गोष्टींवर लहान उत्पादकाचे भवितव्य प्रत्येक युगात अवलंबून राहिले.

प्राचीन काळ : वन्य ऑलिव्हची फळे चेचून तेल काढण्याचा सर्वांत जुना पुरावा पूर्व भूमध्य किनाऱ्यावर मिळतो. इझ्राएलमधील हैफाजवळ आता समुद्राखाली गेलेल्या कफर सामीर येथील वस्तीत इ. स. पू. पाचव्या सहस्रकातील खड्ड्यांत चेचलेल्या आठळ्यांचे थर सापडले आहेत. जॉर्डन खोऱ्यातील तुलैलात अल्-गस्सूल हे स्थळ वन्य ऑलिव्हच्या नैसर्गिक क्षेत्राबाहेर असूनही तेथे ताम्रपाषाणयुगातील ऑलिव्हचे अवशेष मिळाल्याने त्या काळी लागवड सुरू झाली असावी, असे मानले जाते. सर्वांत प्राथमिक पद्धतीत फळे दगडी खळग्यात कुटून लगदा गरम पाण्यात ढवळीत आणि वर तरंगणारे तेल हाताने काढून घेत. ही पद्धत कोणत्याही कुटुंबाला स्वतः अवलंबिता येत असे. तरफेचा उपयोग करून लगदा दाबण्याची युक्ती निघाल्यावर तेलाचा उतारा वाढला. परंतु लांब तुळई, जड वजने व दगडी कुंड ही सामग्री प्रत्येक घराला परवडणारी नव्हती.

उत्पादनाचे केंद्रीकरण लवकरच दिसू लागते. ग्रीसमधील पायलॉस येथील सु. इ. स. पू. १२०० च्या मृत्तिकालेखांत राजवाड्यातील सुगंधी तेलाचा हिशेब आहे. पॅलेस्टाइनमधील एक्रॉन या नगरात इ. स. पू. सातव्या शतकात, अ‍ॅसिरियन वर्चस्वाच्या काळी, शंभराहून अधिक तेलघाणे चालत असल्याचे उत्खननावरून दिसते. एवढ्या घाण्यांना लागणारी फळे आसपासच्या टेकड्यांवरील खेड्यांतूनच येत असली पाहिजेत. म्हणजे पीक खेड्यात व गाळप नगरात, अशी विभागणी त्या काळीच झाली होती.

ग्रीस : अथेन्सच्या इतिहासात ऑलिव्हला धान्यापेक्षाही वेगळे स्थान आहे. सोलोनने (आर्कनपद इ. स. पू. ५९४) शेतमालापैकी केवळ ऑलिव्ह तेलाच्या निर्यातीला मुभा दिली, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. अ‍ॅटिकाची पातळ व खडकाळ जमीन गव्हाला अनुकूल नव्हती. ऑलिव्ह मात्र तेथे टिकून राही. राज्याच्या मालकीची पवित्र मानलेली झाडे खासगी शेतांतही विखुरलेली असत व त्यांचे तेल पॅन-अथेनियन उत्सवातील विजेत्यांना चित्रित कुंभांतून बक्षीस दिले जाई. असे झाड तोडणाऱ्यास पूर्वी देहान्त शिक्षा होती, असे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात म्हटले आहे. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभी लिसिअस या वक्त्याने एका शेतमालकाच्या बचावासाठी लिहिलेले भाषण उपलब्ध आहे. त्या शेतमालकावर शेतातील पवित्र ऑलिव्हचे खोड उपटल्याचा आरोप होता. दीर्घ युद्धात जमिनीचे हस्तांतर कसे होत गेले व झाडाची जबाबदारी कोणावर येते, याचा ऊहापोह या भाषणात आढळतो.

रोमन काळ : रोमन कृषिलेखकांच्या ग्रंथांतून काढणी व गाळप यांची तपशीलवार माहिती मिळते. केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात (सु. इ. स. पू. १६०) फळे वेचल्यावर विलंब न लावता गाळावीत, असे बजावले आहे. वेचणाऱ्यांना गळून पडलेली फळे जास्तीत जास्त हवी असतात, कारण त्यामुळे अधिक फळे वेचता येतात; गाळणाऱ्यांना फळे कोठारात पडून नरम झालेली हवी असतात, कारण ती दाबणे सोपे जाते; फळे ठेवल्याने तेल वाढते हा समज मात्र खोटा आहे, असे त्याचे मत होते. ही तक्रार पुढे दोन हजार वर्षे या व्यवसायात ऐकू येत राहिली. घाण्याचे दगड कोठून विकत घ्यावेत आणि बैलांकरवी ते शेतावर आणण्यास किती खर्च येतो, याचाही हिशेब केटोने दिला आहे. त्यावरून घाणा उभारणे हे किती भांडवलाचे काम होते, हे लक्षात येते. त्याच ग्रंथात फळे वेचण्याचा ठेका, गाळपाचा ठेका व झाडावरच्या फळांची विक्री यांच्या करारांचे नमुने आहेत.

तत्कालीन घाण्यांपैकी ‘त्रापेतुम’ या प्रकारात खोलगट दगडी पात्रात मधल्या खांबाभोवती दोन बहिर्गोल दगड फिरवून फळांचा लगदा करीत. सपाट पृष्ठावर उभे दंडगोल फिरविणारी चक्की त्याहून श्रेष्ठ असल्याचे मत पहिल्या शतकातील कोलुमेला याने मांडले आहे. हा लेखक मूळचा स्पेनमधील गादेस (कादिझ) येथील होता. चक्कीतील लगदा गवताच्या करंड्यांत भरून तरफेने दाबीत. मळसूत्री दाबयंत्र हे त्या वेळी अलीकडचे साधन असल्याचे थोरल्या प्लिनीने नोंदविले आहे. मळसूत्रामुळे लांब तुळईची गरज कमी झाली व लहान जागेत घाणा बसविणे शक्य झाले.

रोम शहराच्या गरजेसाठी तेलाची वाहतूक किती प्रचंड प्रमाणात होत होती, याची साक्ष तेथील मोंते तेस्ताचो ही टेकडी देते. ती पूर्णपणे फुटक्या कुंभांची बनलेली असून तीत सुमारे ५ कोटी ३० लाख कुंभांचे अवशेष असावेत, असा अंदाज आहे. हे कुंभ बहुतांशी दक्षिण स्पेनमधील ग्वादाल्किव्हिर नदीच्या खोऱ्यातून तेल घेऊन आलेले होते.

लहान कुळांच्या दृष्टीने उत्तर आफ्रिकेतील एक शिलालेख अधिक मोलाचा आहे. ट्यूनिशियातील हेन्शीर मेतीश येथे सापडलेल्या, सम्राट ट्रेजनच्या कारकीर्दीतील (इ. स. ११६-१७) या लेखात पडीक जमिनीवर ऑलिव्ह लावणाऱ्या कुळांच्या अटी कोरलेल्या आहेत. नव्याने लावलेल्या ऑलिव्हच्या पहिल्या दहा हंगामांचे उत्पन्न पूर्णपणे कुळाचे, त्यानंतर गाळलेल्या तेलाचा एक तृतीयांश वाटा मालकाचा, अशी तरतूद त्यात आहे. वन्य झाडावर कलम केल्यास ही सवलत पाच वर्षांची होती. झाडाच्या संथ वाढीचा विचार करून केलेल्या कायद्याचे हे एक प्राचीन उदाहरण होय. अशा शाश्वतीमुळे ट्यूनिशिया व लिबियाच्या कोरड्या प्रदेशात विस्तीर्ण ऑलिव्ह बागा उभ्या राहण्यास मोठे साहाय्य झाले.

उत्तर सिरियातील चुनखडीच्या पठारावर चौथ्या ते सहाव्या शतकांत भरभराटलेली खेडीही या संदर्भात उल्लेखनीय आहेत. तेथे मोठ्या वाड्यांऐवजी सुबत्ता असलेल्या शेतकऱ्यांची दगडी घरे व त्यांच्यालगत अनेक तेलघाणे आढळतात. झॉर्झ चालेंको या संशोधकाने १९५३ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही समृद्धी ऑलिव्ह तेलाच्या निर्यातीमुळे आली, असे प्रतिपादन केले. धान्य, द्राक्षे व पशुपालन यांचाही तीत वाटा होता, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले. तथापि घाणे खेड्यातच व बहुधा शेतकऱ्यांच्याच हाती असणे, हे या वस्त्यांचे वैशिष्ट्य ठरते.

मध्ययुग व सरंजामी मक्तेदारी : इस्लामी कायद्यात ‘मुघारसा’ नावाचा लागवडीचा करार रूढ झाला. मालकाने जमीन द्यावी, दुसऱ्याने झाडे लावून वाढवावीत आणि ती फळू लागल्यावर ठरलेला, बहुधा निम्मा, हिस्सा लावणाऱ्याच्या मालकीचा व्हावा, असे त्याचे स्वरूप होते. ट्यूनिशियातील स्फाक्स शहराभोवतीच्या विस्तीर्ण बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९२ च्या जमीनविक्रीच्या फर्मानानंतर, याच कराराने वाढल्या. जमीन मोठ्या प्रमाणावर फ्रेंच भांडवलदारांनी घेतली, तरी झाडे वाढविण्याचे श्रम स्थानिक शेतकऱ्यांचे होते आणि निम्म्या झाडांवर त्यांना हक्क मिळत असे.

पश्चिम यूरोपात मात्र प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. प्रॉव्हांससारख्या प्रदेशांत पिठाची गिरणी व भट्टी यांप्रमाणेच तेलघाण्यावरही कित्येक ठिकाणी सरदाराचा किंवा मठाचा एकाधिकार असे. रयतेने आपली फळे त्याच घाण्यावर नेणे बंधनकारक होते व तेलाचा ठराविक हिस्सा तेथे ठेवून घेतला जाई. हंगामात घाण्यावर गर्दी झाली, की लहान शेतकऱ्याची पाळी उशिरा येई. तोवर फळे आंबून जात. कर देऊनही त्याच्या पदरी हलके तेल पडे. फ्रान्समध्ये हे सरंजामी हक्क ४ ऑगस्ट १७८९ च्या ठरावानंतर टप्प्याटप्प्याने व अखेर १७९३ मध्ये भरपाईशिवाय रद्द झाले. स्पेनमध्ये कादिझच्या संसदेने १८११ मध्ये गिरण्या व भट्ट्या यांवरील सरंजामी एकाधिकार रद्द केले. कायद्याने बंधन उठले, तरी दुसरा घाणा जवळ नसल्यास शेतकऱ्याला जुन्याच मालकाकडे जाणे भाग पडे.

दिव्याचे तेल : सतराव्या-अठराव्या शतकांत दक्षिण इटलीतील गाल्लीपोली हे बंदर दिव्याच्या तेलासाठी प्रसिद्ध होते. तेथून हे तेल लंडनसह उत्तर यूरोपातील अनेक शहरांत जाई. सालेंतो प्रदेशातील घाणे मऊ खडकात खोदलेल्या भुयारांत असत. भूमिगत जागा हिवाळ्यातही उबदार राहत असल्यामुळे तेल गोठत नसे आणि फळे वरच्या झरोक्यांतून सरळ साठ्यात ओतता येत. घाण्यावरील मजूर हंगामाचे कित्येक महिने माणसांबरोबर जनावरेही असलेल्या त्या अंधाऱ्या जागेत काढीत. फळे आठवडेच्या आठवडे साठविलेली असल्यामुळे तेल खवट निघे. परंतु ते जाळण्यासाठी, लोकर विंचरण्यासाठी व साबणासाठी हवे असल्याने त्यास हरकत नसे. फ्रान्समध्ये १६८८ च्या राजाज्ञेने मार्सेच्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज अन्य स्निग्ध पदार्थ वापरण्यास मनाई केली होती. अशा बाजारपेठेत ताज्या फळांना विशेष किंमत नव्हती आणि म्हणून काळजीपूर्वक काढणी करणाऱ्या लहान शेतकऱ्याला वेगळा मोबदला मिळत नसे.

ही परिस्थिती एकोणिसाव्या शतकात पालटली. कोळशाच्या वायूवरील दिवे आणि १८५९ नंतर स्वस्त झालेले खनिज तेल यांमुळे दिव्याच्या तेलाची मागणी ओसरली. साबणासाठीही उष्ण कटिबंधातील स्वस्त तेले उपलब्ध झाली. यापुढे ऑलिव्ह तेलाला टिकावयाचे, तर ते खाद्यतेल म्हणूनच टिकणार होते आणि त्यासाठी ताज्या फळांचे त्वरित गाळप अपरिहार्य ठरले. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पेटंट घेतलेले द्रवीय दाबयंत्र एकोणिसाव्या शतकात घाण्यांवर येऊ लागले. त्यामुळे उतारा व वेग वाढला. परंतु अशा यंत्राची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. इटलीतील टस्कनीत अर्धेलीने शेती करणारी कुटुंबे आपली फळे मालकाच्याच घाण्यावर नेत आणि तेलाची वाटणी तेथेच होई. अर्धेलीचे नवे करार करण्यास इटलीत १९६४ च्या कायद्याने बंदी आली.

काढणीच्या पद्धती : परंपरागत काढणी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात होते. झाडाला शिडी लावून हाताने फळे ओरबाडणे ही सर्वांत जुनी व फळाला सर्वांत कमी इजा करणारी पद्धत होय. लांब काठ्यांनी फांद्या झोडपणे जलद असते. मात्र कोवळी डहाळी मोडल्यास पुढील वर्षाचा बहर कमी होतो. त्याबद्दल प्राचीन लेखकांनीही इशारा दिला आहे. काही प्रदेशांत फळे आपोआप गळू देऊन ती जमिनीवरून वेचीत. हे काम मुख्यतः स्त्रिया व मुले यांच्याकडे असे व मजुरी अल्प असे. हंगाम संपल्यावर मागे राहिलेली फळे वेचण्याची मुभा गरिबांना देण्याची चाल स्पेनमध्ये होती. विसाव्या शतकात झाडाखाली जाळी अंथरणे, हातातील फणी व पुढे यांत्रिक फण्या आणि खोड हलविणारी यंत्रे प्रचारात आली. लहान बागांत जाळी व फणी यांचाच वापर अधिक आहे. फळे पोत्यांऐवजी हवेशीर पेट्यांत भरून त्याच दिवशी घाण्यावर नेणे, ही सुधारणा खर्चाच्या मानाने सर्वांत लाभदायक ठरली.

सहकार व आधुनिक यंत्रे : घाण्याचा प्रश्न शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सोडविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात. फ्रान्समधील १८८४ चा संघविषयक कायदा, स्पेनमधील १९०६ चा कृषिसंघ कायदा आणि ग्रीसमधील १९१५ चा सहकारी संस्थांचा कायदा यांमुळे सहकारी घाण्यांना आधार मिळाला. प्रॉव्हांस, क्रीट आणि स्पेनमधील हाएन प्रांत येथे अनेक गावांत सहकारी घाणे निघाले. महाराष्ट्रात ऊस उत्पादकांनी सहकारी साखर कारखाने उभारले, त्यामागील कारणाशी याचे साम्य आहे : ऊसही तोडल्यावर थांबत नाही आणि त्याचेही मोल गाळप कोणाच्या हाती आहे यावर ठरते. सहकारी घाण्यांतही अडचणी होत्या. सर्वांची फळे एकत्र गाळल्यास चांगली काढणी करणाऱ्यास वेगळा लाभ मिळत नसे; म्हणून अनेक संस्थांनी फळांची प्रत पाहून मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्रोत्सारक यंत्रांनी दाबयंत्रांची जागा घेतली. फळे धुऊन दळतात, लगदा मंद गतीने ढवळतात आणि वेगाने फिरणाऱ्या पिंपात तेल, पाणी व चोथा वेगळे करतात. १९९० नंतरच्या दशकात स्पेनमध्ये पाण्याचा वापर कमी करणारी द्विप्रावस्था पद्धत रूढ झाली. चटया व करंड्या नाहीशा झाल्याने त्यांत राहिलेल्या जुन्या लगद्याचा वास नव्या तेलाला लागण्याचा धोकाही टळला. पुढे तासाला पन्नास-शंभर किग्रॅ. फळे गाळणारी लहान यंत्रेही निघाली आणि एका कुटुंबाला वा छोट्या गटाला स्वतःचा घाणा बाळगणे पुन्हा शक्य झाले.

तेलाची प्रत ठरविणाऱ्या नियमांमुळेही लहान उत्पादकाचे महत्त्व वाढले. १९५९ मध्ये माद्रिद येथे आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह तेल परिषद स्थापन झाली. यूरोपीय समुदायाने १९९१ च्या नियमांत रासायनिक चाचणीबरोबर प्रशिक्षित चव-परीक्षकांच्या चाचणीलाही स्थान दिले. केवळ यांत्रिक क्रियांनी काढलेल्या सर्वोच्च प्रतीच्या तेलात मुक्त वसाम्लांची मर्यादा १ टक्का होती. २००३ पासून ती ०·८ टक्के करण्यात आली. २ टक्क्यांहून अधिक वसाम्ले असलेल्या तेलाला अजूनही ‘दिव्याचे तेल’ या अर्थाचेच नाव असून शुद्धीकरणाशिवाय ते खाण्यासाठी विकता येत नाही.

अलीकडील आव्हाने : हिमप्रकोप हे या वृक्षाचे जुने संकट आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये प्रॉव्हांसमधील व जानेवारी १९८५ मध्ये टस्कनीतील बागा थंडीने करपल्या. बुंध्यातून नवे फुटवे येत असल्याने बरीच झाडे जगली. पण पुन्हा फळे येईपर्यंतची वर्षे काढणे अनेक कुटुंबांना जमले नाही आणि कित्येक बागा सोडून देण्यात आल्या. १९९० नंतरच्या दशकापासून स्पेनमध्ये हेक्टरी दीड-दोन हजार बुटकी झाडे कुंपणासारखी लावून यंत्राने काढणी करण्याची पद्धत पसरली. पारंपरिक बागेत हेक्टरी शंभराच्या आसपास झाडे असतात. उताराच्या जमिनीवरील अशा बागांना या स्वस्त उत्पादनाशी स्पर्धा करणे कठीण जाते. गाल्लीपोलीच्या परिसरात २०१३ मध्ये झायलेला फॅस्टिडिओसा या सूक्ष्मजंतूचा प्रादुर्भाव आढळला व त्याने सालेंतोमधील लाखो झाडे वाळली. त्यांत शतकानुशतके जुने वृक्षही होते.

भारत : भारतीय उपखंडाच्या वायव्य हिमालयीन भागात ऑलिव्हचा एक वन्य प्रकार आढळतो, त्याची फळे बारीक असतात. तेलासाठी संघटित लागवडीचा प्रयत्न राजस्थानात इझ्राएलच्या तांत्रिक साहाय्याने झाला. त्यासाठी २००७ मध्ये कंपनी स्थापन होऊन पुढील वर्षापासून शासकीय क्षेत्रांवर रोपे लावण्यात आली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलगाळप केंद्र सुरू झाले. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात या वृक्षाच्या फुलोऱ्यास पुरेशी हिवाळी थंडी नसते.

समालोचन : सहा हजार वर्षांत घाण्याचे दगड, तुळया व यंत्रे बदलली, फळ काढणी आणि गाळप यांमधील अवधीचे महत्त्व मात्र कायम राहिले. हेन्शीर मेतीशच्या कुळाला दहा हंगामांची मुभा मिळाली, सिरियातील खेडुतांना गावातच घाणा मिळाला, हाएन व क्रीटमधील शेतकऱ्यांनी तो सहकाराने मिळविला. तेथे लहान उत्पादन टिकले. ज्या ठिकाणी घाणा परक्याच्या हाती राहिला, तेथे झाडे स्वतःची असूनही चांगले तेल शेतकऱ्याच्या वाट्याला क्वचितच आले.